दाराजवळचा पॉइंट

एर्गेशवर मी बावीस वर्षं जळतोय, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या उझगेन गावात नाव असलेले वायरमन आम्ही दोघेच. माझ्याकडे ओश शहरातल्या तंत्रशाळेचं प्रशस्तिपत्र आहे, त्याच्याकडे कानामागे खोचलेला खडू. तरी घराचं वायरिंग बदलायचं म्हटलं की लोक त्याच्याच दारात.

त्याची रीतच निराळी. घरात शिरला की मीटरकडे बघत नाही, बायकांना विचारत बसतो. रजयांची चळत कुठल्या भिंतीला लावता, शिवणयंत्र कुठे असतं, झोपताना डोकं कुठे. मग गुडघ्यावर बसून भिंतीवर खडूच्या फुल्या मारतो. हा वायरमन आहे की सोयरीक जमवणारा, असं मी चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे आणि त्यालाच बोलवायचे.

गेल्या शरदात आमच्याच घराची पाळी आली. ॲल्युमिनियमच्या जुन्या तारा काढून तांब्याच्या घालायच्या होत्या. इंटरनेटची तारही भिंतीतून न्यायची होती, कारण आमच्या हातभर जाड मातीच्या भिंतींतून सिग्नल जात नाही. मुलगी बेगिमाय परदेशात, सोलला कामाला आहे. तिचा चेहरा फोनवर नीट दिसावा, एवढंच माझ्या बायकोचं, सालकिनचं, मागणं.

"आखणी एर्गेशला करू दे," ती म्हणाली.

"घरात वायरमन असताना?"

"अहो, धाकट्या जावेकडे तुम्ही आठ पॉइंट काढलेत. त्यातले पाच रजयांच्या चळतीमागे गेले. ती अजून मला ऐकवते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तारा मीच ओढणार, एवढं ठासून सांगितलं आणि एर्गेशला निरोप धाडला.

एर्गेश आला. चहाचा घोट घेऊन, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "सालकिन एजे, तुम्ही कुठे बसता?"

ती लाजली. माझ्या देखत लाजली. "मी? स्वयंपाकघरात, दाराशी. चहाचा समोवार तिथेच असतो ना."

त्याने इंटरनेटच्या पॉइंटसाठी तिथे फुली मारली. तो गेल्यावर मी ती बाहीने पुसली आणि इंटरनेटचा पॉइंट पाहुण्यांच्या खोलीत आखला, मानाच्या जागेशी. दुसऱ्या दिवशी एर्गेश भिंतीत झिऱ्या पाडून तारांचे पाइप बसवायला आला. पुसलेली जागा त्याने पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि कामाला लागला. दुपारी मी तारा आणायला बाजारात गेलो. संध्याकाळी परतलो, तोवर त्याने गिलावाही उरकला होता.

हिवाळाभर मानाच्या जागेशी मी आणि माझे मित्र फोनवर कुस्त्या बघत बसलो. वाय-फायचा डबा तिथेच, म्हणून स्वयंपाकघरात सिग्नल येत नव्हता. सालकिनने तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं, जिंकलो.

एकदा मित्र आत बसलेले असताना मी अंगणात लाकडं घ्यायला गेलो. ती पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीखाली फोन धरून उभी होती. फोनमधून बेगिमाय विचारत होती, "आई, तुझ्या डोक्यावर बर्फ का आहे?"

"सहज बाहेर आले गं," ती म्हणाली.

मी लाकडं तिथेच टाकली. छिन्नी घेतली आणि दाराशी, जिथून फुली पुसली होती तिथेच, घाव घातला. दोन बोटं खोल गेलो तर पाइपचं टोक. त्यात चिंधीचा बोळा, बोळ्यामागे तार ओढायची दोरी. माळ्यावर चढून पाहिलं, तर पाइपांच्या जुडग्यात एक जास्तीचा होता. मी ते मोजलेच नव्हते. तार अशी सरसर गेली की मला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

सालकिन आत आली. "हा पाइप कुणी घातला?"

"मी," मी म्हणालो. इतकी वर्षं जळलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार?

तिने जमिनीवरची चिंधी उचलून झटकली. "माझ्या जुन्या झग्याची आहे. एर्गेशने त्या दुपारी माझ्याकडूनच मागून घेतली होती."

"मग हिवाळाभर बोलली का नाहीस?"

"त्याने विचारलं, मी कुठे बसते," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हीही विचाराल."