घासलेली वायर

नारायण पेठेतला माझा मेकॅनिक इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवतो, त्याची मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटून ऐकतो. माझ्या जुन्या व्हॅनचं फिरतं स्वयंपाकघर त्यानेच करून दिलं. महिन्याभरात ती हिंजवडीच्या वाटेवर, ऐन जेवणाच्या वेळी, आचके देऊ लागली. मी जाऊन त्याच्यावर ओरडलो.

"अहो, आपण थांबलात तर इंजिनाला बोलता येईल."

त्याने इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाज बदलला नाही, म्हणजे ती आधीच निकामी होती. शेगडी धरणाऱ्या पट्टीला घासून ती सोलवटली होती.

"पट्टी मी बसवली. चूक माझी."

वायर जुनीच होती. दोष तिच्यावर ढकलता आला असता. मी तेच केलं असतं. माझं भांडण तोंडातच राहिलं, आणि ते राहिल्याचा राग मला अजून आहे.