प्रॉम्प्टर मोसाजींचं उपाशी हृदय

चंद्रपूर-गडचिरोलीकडची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही आता वाघाची वाट पाहत असाल. वाघ येणार नाही. आला असता तरी आमच्या मोसाजींनी, म्हणजे माझ्या मावशीच्या, मोसीच्या नवऱ्यानं, त्याची डरकाळी मधेच तोडून स्वतःच पुरी केली असती. समोरच्याचं वाक्य त्याच्या तोंडून पूर्ण बाहेर पडू न देणारा असा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा नाही. त्यांचा तरी काय दोष? उभी हयात वडशाच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेली. वही धरून विंगेत उभं राहायचं, नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. सवय घरी आली. मोसी म्हणायची, "भाजीत मीठ..." की हे, "कमी आहे!" एका मयतीत लोक दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, तर यांना वाटलं सगळेच वाक्य विसरले. हळूच म्हणाले, "आता बसा."

किडन्या गेल्यावर त्यांना आठवड्यातून तीनदा जीपनं ब्रह्मपुरीला डायलिसिसला जावं लागे. सोबतीला मी. चार तास मशीनचा आवाज ऐकून पेशंट कंटाळत, म्हणून मी डॉक्टरांची नक्कल करायचो. नाकातला आवाज, दर वाक्याआधी "बघा". सगळ्यात जास्त मोसाजीच हसायचे.

एकदा खऱ्या डॉक्टरांनी हृदयाचा रिपोर्ट समोर धरला. "बघा काका, तुम्हाला शुगर नाही. पण किडनी गेली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रक्तात साखर फिरते, पण हृदयाच्या..."

"दारातच उभी राह्यते," मोसाजी म्हणाले.

डॉक्टर चमकले. "बरोबर. हृदयाला ती नीट वापरताच येत नाही. ते थकलंय. त्यात दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठतं, त्याचाही भार त्याच्यावरच. म्हणून एक जरी खाडा केलात, तर..."

आयुष्यात पहिल्यांदा मोसाजींनी वाक्य पुरं केलं नाही.

परतताना जीपमध्ये एवढंच बोलले, "भरल्या कोठीत उपाशी बसला आहे बा माहा जीव."

दिवाळीनंतर नव्या नाटकाची तालीम निघाली, ती नेमकी डायलिसिसच्या दिवशी. मोसी सोडेना. मोसाजींनी मला गाठलं. "राजाचं काम करणारं पोरगं नवीन आहे. अडलं तं कोण सांभाळन त्याले? तू डॉक्टरचा आवाज काढ न बे."

मी काढला. मित्राच्या फोनवरून मोसीला सांगितलं, "बघा, आजचं डायलिसिस उद्या केलं तरी चालेल." मोसीनं ऐकून घेतलं. मग, "बरं, साहेब."

दुपारभर मोसाजी नुसते फुलले होते. तिसऱ्या अंकात राजा अडला. त्यानं विंगेकडे पाहिलं. मोसाजींच्या हातात वही उघडी होती, बोट बरोबर ओळीवर होतं, पण शब्द फुटेना. श्वासच पुरत नव्हता. आम्ही त्यांना तसंच बसल्या अवस्थेत ब्रह्मपुरीला नेलं. मशीन लागलं, पाणी उतरलं, छातीतली घरघर थांबली. वाचले. पण हृदय आणखी कमजोर झालं, असं डॉक्टर म्हणाले.

निरोप मिळताच आलेली मोसी बाहेर बाकावर बसली होती. मी म्हटलं, "मोसी, तो फोन..."

"मालूम आहे मले. ठेवतानी 'ठेवतो मोसी' म्हणालास. डॉक्टर म्हणन का मले मोसी?"

"मंग जाऊ काऊन दिलं?"

ती दाराकडे पाहत म्हणाली, "वर्ष झालं, मशीनशिवाय कुठी गेले नाई हे. वाटलं, एक दिवस हसून येतीन." मग एकदम माझ्यावर फिरली. "तू तं आहेच नकल्या! पण माही अक्कल कुठी गेली होती? आवाज काढता येते तुले, जीव गेला असता तं आणता आला असता का? आन् रडून काऊन राह्यला आता? शुक्रवारी सातची जीप आहे. उशीर केला तं तंगडी मोडीन!"