बोटवाल्या काकांचं नाचो चीज

बोटवाले काका घरी असले की गॅसकडे फिरकतसुद्धा नसत. मालवाहू बोटीवर ते मुख्य स्वयंपाकी होते. रजेवर कात्रपला, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले की चहादेखील काकूंनीच करायचा. "तिकडे मी रांधतो, इकडे मी जेवतो," असं ते ठणकावून सांगत.

नव्वदीच्या सुरुवातीला एका रजेत त्यांनी अमेरिकेतल्या बंदरावरून नाचो चीजचा मोठा डबा आणला. नाचो म्हणजे मक्याचे तळलेले तुकडे; ते ज्यात बुडवून खातात ते हे पिवळंधमक, तिखट, दाटसर प्रकरण. आम्ही ते खाऱ्या पुऱ्यांना लावून खाल्लं.

"नाव चीज, पण यात चीज थोडंच," काका म्हणाले. "नुसतं चीज तापवलं तर तूप सुटतं आणि खाली रबर उरतं. म्हणून कारखान्यात त्यात पाणी, दुधाची पावडर आणि एक क्षार घालतात. तो क्षार तुपाला आणि पाण्याला वेगळं होऊ देत नाही."

आईने तोंड वाकडं केलं. काकूंनी मात्र डबा बोटाने पुसून खाल्ला.

पुढे काकूंना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला आणि काका बोट सोडून आले. आधी पोळी बंद झाली, मग मऊ भातही अडकायला लागला. तेव्हा काकूंनीच ते चीज मागितलं. काका स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरले. मीठ कुठे, गाळणी कुठे, काही ठाऊक नव्हतं. मला हाका मारायचे. इथलं डब्यातलं चीज किसून ते कोमट दुधात थोडं थोडं सोडत आणि मंद आचेवर ढवळत राहत. "या चीजमध्ये तो क्षार आधीच असतो, म्हणून फाटत नाही. पण आच वाढली की गुठळी होते. गुठळी तिला गिळवायची नाही." तरी गाळूनच वाटीत ओतत.

"अहो, यात मिरची कुठाय?" पहिल्याच चमच्याला काकूंनी विचारलं.

"घसा सोलून निघालाय तुझा."

"निघू दे. आजाऱ्याचं खाणं नका घालू मला."

काकांनी फ्रिज उघडला. मग व्हिनेगरमधल्या मिरच्यांच्या बाटलीतलं थोडं पाणी त्यांनी वाटीत टाकलं. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण वाटी संपली. काका सिंककडे तोंड करून उभे होते.

नंतर तेही उतरेना. "थेंबभर जिभेवर ठेवा," काकू म्हणाल्या, "पण गिळ म्हणू नका." काका रोज ताजं करत. चमच्याच्या टोकाने जिभेवर टेकवत. काकू डोळे मिटून पडून राहत. मग ओल्या फडक्याने काका ते हलकेच टिपून घेत.

एका सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. हातात पातेलं होतं.

"वहिनी, ती गेली," ते म्हणाले. "हे अजून गरम आहे."

आई पातेलं घ्यायला पुढे झाली. काकांनी ते सोडलं नाही. "साय धरेल," म्हणाले, आणि दारातच उभे राहून ढवळत राहिले.