हाडांची गोळी आणि पेलाभर दूध

मला संधिवात आहे हे कळल्यावर सोसायटीतल्या प्रत्येक बाईला माझ्यावर उपचार करण्याचा हक्क मिळाला. कुणी मेथीचे लाडू आणले, कुणी खानवेलकडचं कसलंसं तेल. "गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात," असं एकीनं तोंडावर सांगितलं. माझे गुडघे दुखत नव्हते, बोटं वाकडी होत चालली होती, आणि हा म्हातारपणचा वातही नव्हता. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं आणि सांध्यांबरोबर हाडंही पोखरतं. सूज उतरवायला वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी त्यात भरच घातली. सुरुवातीला मी हे सगळं समजावून सांगायचे. नंतर नंतर लाडू घ्यायचे आणि दार लावून टाकायचे.

वापीच्या डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली, तेव्हा पंचेचाळिशीतच माझी हाडं म्हातारीसारखी ठिसूळ निघाली. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती कशी घ्यायची हे त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं, कारण मी तेव्हा बाजूच्या खोलीत रक्त द्यायला बसले होते आणि तिथल्या मुलीला माझी शीर सापडत नव्हती. परत येताना गाडीत मी विचारलं, "काय म्हणाले?"

"दर रविवारी एक. चुकवायची नाही," एवढंच तो म्हणाला. मसाटच्या सुताच्या कारखान्यात तो प्रॉडक्शन मॅनेजर आहे. सूचना नीट पोचल्या नाहीत म्हणून रोज कुणाला तरी झापतो. त्यामुळे मी शंका घेतली नाही.

पाकिटातून गोळी काढणं माझ्या बोटांना जमत नाही. म्हणून रविवारी सकाळी तो गोळी वाटीत काढून ठेवायचा आणि सासूबाई पेलाभर गरम दूध घेऊन यायच्या. रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नाही हा त्यांचा नियम. धुळ्याहून त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा देवांबरोबर हा नियमही आला. "हाडाची गोळी आहे ना, मंग दूध पाहिजेच," त्या म्हणायच्या. यात चूक काढणार तरी काय? गोळी घेऊन, दूध संपवून मी पुन्हा घटकाभर आडवी व्हायचे. नवरा समोरच पेपर वाचत बसलेला असायचा.

मला भीती होती ती खुब्याची. खुबा मोडल्यावर बाईला उठवायला, बसवायला, न्हाणीत न्यायला कसं दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, ते मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून बाकी कशात टाळाटाळ केली तरी ही गोळी मी चुकवली नाही. तापातही घेतली, पाहुण्यांच्या गर्दीतही घेतली.

दीड वर्षानं एके दुपारी बाल्कनीतले कपडे काढताना ओल्या फरशीवर पाय सरकला. मी पडलेही नाही, नुसता भिंतीला हात टेकवला. तेवढ्यानं मनगट मोडलं.

प्लास्टर झाल्यावर वापीला गेलो. डॉक्टरांनी मनगटाचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "बेन, वो हड्डी की गोली कैसे लेते हो?"

"दूध के साथ," मी म्हटलं, जरा ऐटीतच.

"दूध के साथ तो वो अंदर लगती ही नहीं. खाली पेट, सादा पानी, और आधा घंटा न सोना, न कुछ खाना-पीना. मैंने भाई को समझाया था ने."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन बघत होता. डॉक्टरांनी मग सांगितलं की पुढच्या वेळी मनगटावर भागेलच असं नाही, खुब्याला जपा.

परत येताना किलवणी नाक्यावर ट्रेलर आडवा होऊन सगळा रस्ता तुंबला होता. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आईशी कोण वाद घालणार? घरात शांतता राहावी, एवढंच बघितलं मी."

मला त्याची किळस आली. त्याहून जास्त राग सासूबाईंचा आला. त्यांना काय काय सुनवायचं ते मी त्या गर्दीत बसून शब्दाशब्दानं ठरवलं.

घरी पोचताच चप्पलही न काढता मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता मुलाला विचारलं, "डॉक्टरनं तुले असं सांगितलं होतं?"

"आई, तुला पटलं नसतं."

"तू मले इचारलं का कधी? डॉक्टर बोलला तर तुझ्या बापाचं मीठ मी त्याच दिवशी बंद केलं. एक पेला दूध बंद केलं नसतं?"

ज्या भांडणाच्या धाकानं त्यानं माझी हाडं झिजू दिली, ते भांडण होणारच नव्हतं. सासूबाई माझ्या प्लास्टरवर पिठाचा हात ठेवून रडायला लागल्या. तेव्हा तो त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे गं आई, तू नको वाईट वाटून घेऊस."

त्यांची समजूत काढून झाल्यावर तो कपडे बदलायला आत गेला. माझ्याशी तो त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करीन असंही वाटत नाही.