मावशी आधी ओरडते

‘‘तुमच्या ॲपमुळे माझी मावशी चोर ठरली आहे,’’ तुआन म्हणाला. ‘‘आता तुम्हीच निस्तरा.’’

क्रेगने माझ्याकडे पाहिलं. क्रेग म्हणजे आमचा बॉस. अडचण आली की तो माझ्याकडे पाहतो आणि अडचण सुटली की कॅमेऱ्याकडे.

मी ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीत स्ट्रीमिंग इंजिनिअर आहे. टीव्हीचे कार्यक्रम इंटरनेटवरून लोकांच्या घरी पोचवणं हे माझं काम. पोचले तर कुणी विचारत नाही, अडकले तर सगळे विचारतात. तुआन आमचा सगळ्यात मोठा क्लायंट. न्यूझीलंडमधल्या व्हिएतनामी घरांना तो तिकडचे चॅनेल विकतो, पोचवतो आम्ही. तो सोडून गेला असता, तर आमच्या टीममधल्या अर्ध्या लोकांना क्रेगने केक कापून निरोप दिला असता. क्रेग निरोप फार छान देतो.

सुरुवातीला तुआनचे प्रेक्षक मालिका बघायचे. लांबलचक, रडक्या. मग तिकडे गेम शोंचं पेव फुटलं. गाणं ओळखा, किंमत ओळखा, आवाजावरून गायक ओळखा. एका रविवारी दुपारी आमच्या सर्व्हरवरचा लोड असा काही चढला, की क्रेगने सायबर हल्ला झाला म्हणून तातडीची मीटिंग बोलावली. हल्लेखोर बहुतेक सत्तरीच्या पुढच्या बायका निघाल्या.

‘‘मालिकेत आपण नुसतं बसतो,’’ तुआनने तेव्हा मला समजावलं होतं. ‘‘गेम शोमध्ये आपण खेळतो. आजी खेळते, नातवंडं खेळतात. ‘तांदळाचं पोतं केवढ्याला’ हे ओरडायला व्याकरण लागत नाही.’’

आता मावशीची भानगड. तुआनची आई, हुओंगकाकू, इथेच ऑकलंडमध्ये, ओटाहुहुला राहतात. त्यांची धाकटी बहीण लानमावशी ख्राइस्टचर्चला, हॉर्नबीत. (काकू-मावशी मीच करून टाकलं. त्यांना त्याचा पत्ता नाही.) दर रविवारी दोघी फोन चालू ठेवून एकच कार्यक्रम बघायच्या. बँड जुन्या गाण्याचे दोन-चार सूर वाजवतो, गाणं ओळखायचं. दोघी सायगावात एकाच रेडिओपुढे वाढलेल्या. या देशात नात्याचं आणि त्या वयाचं दुसरं कुणी नाही. त्यामुळे भांडायलाही एकमेकीच.

लानमावशींनी नवा टीव्ही घेतला आणि त्या प्रत्येक गाणं आधी ओळखू लागल्या. इकडे बँडवाल्याने हात उचलायच्या आत तिकडून उत्तर. हुओंगकाकूंनी सरळ निष्कर्ष काढला, की हिला सायगावहून कुणीतरी उत्तरं फोडतंय. आणि तसं त्या बोलल्या. लानमावशींनी फोन ठेवला, तो बहिणीसाठी परत उचललाच नाही. हुओंगकाकूंनी टीव्ही लावणं सोडलं. रविवारी दुपारी त्या भिंतीकडे तोंड करून निजू लागल्या. म्हणून तुआन आमच्याकडे आला होता.

तो गेल्यावर क्रेग म्हणाला, ‘‘अर्ध्या मिनिटाचा फरक असेल. कुणाला काय पडलंय?’’

‘‘क्रेग, रग्बीची फायनल आहे. तू बघतोयस. तुझ्याकडे बॉल अजून मैदानाच्या मधोमध आणि शेजारी गुण मिळाल्यासारखा ओरडला, ‘ट्राय!’ मग?’’

‘‘ते वेगळं. ती सिरियस गोष्ट आहे.’’

रविवारी मी ओटाहुहुला गेले. संशय मला होताच. नेट मध्येच अडखळलं तर चित्र थांबू नये, म्हणून टीव्हीला जोडलेली पेटी थोडा कार्यक्रम आधी साठवते आणि मग दाखवते. या साठ्याला बफर म्हणतात. साठा मोठा, तितकं चित्र मागे. काकूंची पेटी जुनी, भलताच साठा करणारी. पण प्रश्न उरत होता. फोन चालू असायचा, मग काकूंना बहिणीच्या टीव्हीचा आवाज आधी कसा ऐकू आला नाही?

तुआनने मावशीला फोन लावला. काकू ओट्याशी पाठ करून हिरव्या सफरचंदाच्या फोडी करत होत्या. आपल्याला काही ऐकायचंच नाहीये, असं ती पाठ सांगत होती.

‘‘मावशी टीव्हीचा आवाज ठेवतच नाही,’’ तुआन म्हणाला. ‘‘नव्या टीव्हीचा आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात जातो.’’

‘‘त्यांना म्हणावं, एकदा खोलीत मोठ्याने ऐकू येईल असा लावा.’’

फोनमधून निवेदकाचं खिदळणं आलं. मग सूर, मग टाळ्या. आमच्यासमोर अजून कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात चालली होती. ती संपली. निवेदक आला. आणि तोच, अगदी तसाच खिदळला.

काकूंची सुरी थांबली. त्या वळल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

‘‘आई म्हणते,’’ तुआन म्हणाला, ‘‘म्हणजे चोर तुम्ही.’’

मग त्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. बराच वेळ दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं चाललं. काकूंनी मध्ये एकदा पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले.

‘‘काय म्हणाल्या?’’ मी हळूच विचारलं.

‘‘शिव्या,’’ तुआन म्हणाला. ‘‘सगळं ठीक आहे आता. पण दुरुस्ती झाली नाही तर मी क्लायंट म्हणून राहीन, असं समजू नका.’’ आणि मीठ-मिरची लावलेल्या फोडींची बशी माझ्यापुढे सरकवली.

दुरुस्ती सोपी होती. जुनी पेटी पुढे पळवता येत नाही. नवे टीव्ही मात्र थांबवता येतात. सर्वांत मागे असलेल्या पेटीच्या वेळेवर सगळ्यांना आणायचं.

‘‘म्हणजे आपण आपलं प्रॉडक्ट मुद्दाम स्लो करायचं?’’ क्रेगने विचारलं.

‘‘हो. आणि त्याला अपडेट म्हणायचं.’’

त्याचा चेहरा खुलला. ‘‘स्वीट ॲज. हे आपल्याला जमतं.’’

अपडेट गेलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा काकूंकडे. या वेळी दोन्हीकडे टीव्हीचा आवाज मोठा. निवेदक ओटाहुहुत आणि हॉर्नबीत एकदमच खिदळला. नातवंडं सोफ्यावर. एरवी आजीशी इंग्रजीतच बोलणारी ही मुलं व्हिएतनामीत बोंबलत होती. माझ्या लेकीला मी मराठीत जेवायला बोलावते, ती ‘इन अ मिनिट’ म्हणते. मराठीत एखादा असाच शो शोधायला हवा, असं मनात आलं.

बँडने पहिला सूर वाजवला. काकूंनी तोंड उघडलं. फोनमधून लानमावशी ओरडल्या. उत्तर बरोबर. दुसरं गाणं, पुन्हा मावशी. तिसऱ्यालाही तेच.

काकूंनी माझ्याकडे बोट रोखलं.

‘‘आई म्हणते, अजून डिले आहे.’’

मी फोनवर आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा तपासलं. दोन्हीकडे एकच क्षण. फरक शून्य. तसं सांगितलं. तुआनने त्याचं भाषांतर करायला साफ नकार दिला.

सोमवारी त्याचा फोन आला. ‘‘करार पुढे चालू. एकच विनंती. आईची पेटी जरा पुढे ठेवता येईल? किंचित?’’

क्रेग म्हणाला, ‘‘क्लायंट मागतोय तर देऊन टाक की.’’

बाकी सगळ्यांना आणखी किंचित मागे ठेवायचं, म्हणजे एक आकडा बदलायचा होता. मी बदलला नाही. तांत्रिक अडचण आहे, असं कळवलं. आमच्या धंद्यात या दोन शब्दांना उलटा प्रश्न कुणी विचारत नाही. दोघी बहिणी दर रविवारी खेळतात. काकू हरतात, आमच्या कंपनीला शिव्या घालतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा वेळेवर बसतात. क्रेगने वेबसाइटवर ‘आम्ही कुटुंबं जोडतो’ असं टाकलंय. सोबत स्वतःचा फोटो.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले. पेटीतला उशीर जुळवून घेता येतो. माणसाला सुचायला जो उशीर होतो, त्याची तक्रार मात्र कायम नेटबद्दलच येते.