क्लीनरचा कोट

स्टार्टरकाकांना 'जरा बसा' म्हणणं म्हणजे वाऱ्याला खुर्ची देण्यासारखं होतं. बसायचे, नाही असं नाही, पण अर्ध्या बुडावर, उजवा पाय पुढे काढून, जणू समोरच्या चहाच्या टेबलाखाली कुठेतरी ब्रेक आहे. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. निवृत्त झाल्यावर घर चालवायला घेतलं, पण घर काही जागचं हलेना. मग स्वतःच हलायचे. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. खिशात किल्ल्या खुळखुळत असायच्या. कशाच्या किल्ल्या, ते विचारायची सोय नव्हती.

स्टार्टर हे नाव डेपोतलं. गाडी सुरू होत नसली की काका आधी तोंडाने सुरू करून दाखवायचे. "घुर्रर्र... घुर्र... घुर्र... अगं, ये की." शेवटचं वाक्य गाडीला असायचं. काकूंना ते या सुरात कधी बोलले नव्हते, आणि काकूंनी ते लक्षात ठेवलं होतं.

डेपोतून काकांसोबत आणखी एक जण निवृत्त झाला, तो क्लीनर. क्लीनर म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना गॅरेजात सापडला, दाराशेजारी बसायला शिकला, गाडी मागे घेताना भुंकायला शिकला, म्हणून क्लीनर. हाडकुळा, लांब कानांचा, अंगावर केस टेनिसच्या चेंडूवर असतात तेवढेच. आता म्हातारा झाला होता. जिना उतरताना त्याच्या नखांचा आवाज व्हायचा: टक, टक, टक, खर्र. ते खर्र म्हणजे मागचा डावा पाय. तो उचलला न जाता घासत यायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई एका दमात बोलायच्या, मध्ये श्वास घेतला तर फी वाढेल अशा घाईने. "काका हे बघा सांधे आखडलेत याला रोज चालवायचं सकाळ संध्याकाळ खाडा नाही बसून राहिला तर मागचे दोन्ही पाय जाम होतील मग मी काही करू शकणार नाही पुढचा पेशंट."

"चालवायचं ना?" काका म्हणाले. "ते माझ्यावर सोडा."

आणि खरंच, दोघांचं छान जमलं. एकाला बसवत नव्हतं, दुसऱ्याला बसू द्यायचं नव्हतं.

मग हवा फिरली. गार वारा सुटला, त्यात पाऊस. धड पडेना, धड थांबेना. पहिल्या सकाळी क्लीनरने उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला, उचलला, झटकला आणि काकांकडे असं बघितलं की जणू काकांनीच नळ सोडला आहे. मग वळला आणि सोफ्याखाली गेला.

"चल रे," काका म्हणाले. "चल की. अरे, सुटायची वेळ झाली."

सोफ्याखाली क्लीनरने तोंड भिंतीकडे केलं.

काकांनी उपाय चालू केले. आधी म्हणाले, इंजिन थंड आहे, गरम होऊ दे. आणि त्याला जेवणाच्या टेबलाभोवती फिरवलं. टेबलाभोवती तो मजेत फिरला, दार दिसलं की थांबला. मग छत्री. काका वाकून छत्री कुत्र्यावर धरायचे, वारा ती उलटी करायचा, आणि समोरच्या गॅलरीतून कुणीतरी खोकल्यासारखं हसायचं. मग काखेत मारून खांबापर्यंत नेलं. क्लीनरने खांबाचं काम उरकलं आणि उभा थरथरत राहिला, दात वाजवत, पोट आत ओढून. परत यावं लागलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सोफ्याखालून बाहेर येताना त्याचे मागचे पाय फरशीवर पसरले. उठायला गेला, पुन्हा पसरले. काकांनी त्याला धरून उभं केलं आणि किल्ल्या खुळखुळवत खिडकीशी गेले. पाऊस होताच.

"कोट घाला की त्याला," काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या.

आता हे वाक्य साधं होतं, पण काकांना ते लागलं. कारण कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे एक झिपरा कुत्रा होता, सतरंजीला डोळे फुटावेत तसा. गेल्या महिन्यात बेकरीवाल्याने त्याला लाल कोट घातला, तेव्हा भर गिऱ्हाइकांत काका म्हणाले होते, "कुत्र्याला कोट? आज कोट, उद्या बूट, परवा टाय बांध आणि लाव नोकरीला." सगळे पोट धरून हसले होते. बेकरीवालाही हसला होता, पण त्याची स्मरणशक्ती दांडगी होती. उधारी त्याने कधी लिहून ठेवली नाही आणि विसरलाही नाही.

"देवाने अंगावर केस दिलेत ते कशाला?" काका म्हणाले.

"याला देताना संपले होते."

"कुत्र्याला कोट लागत नाही. जनावर आहे ते."

काकूंनी एक शेंग सोलली, दाणे टाकले. "आणि तुमच्या बसला गोधडी लागते?"

काका थांबले.

"माझ्या आईने शिवलेली गोधडी," काकू म्हणाल्या. "नवी कोरी. थंडी पडली आणि तुम्ही नेलीत डेपोत. रोज रात्री बॉनेटवर पांघरायचात. मी इथे चादरीत कुडकुडत होते आणि तुमची ती तिथे गोधडीत."

"अगं, ते वेगळं होतं."

"कसं?"

"ती गाडी जुनी होती. गार पडली की हलायचीच नाही. नव्या गाड्यांना नाही लागत गोधडी, त्यांचं आतलं सगळं धड असतं. जुन्या गाडीला आतून ऊब धरवत नाही, म्हणून वरून..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. सोफ्याखालून क्लीनरचं नाक बाहेर आलं होतं.

"बोला की," काकू म्हणाल्या. "वरून काय?"

काका दारापर्यंत गेले, परत आले. "शिवतेस का?"

काकूंनी स्वतःच्या जुन्या स्वेटरचा कोट केला. हौशीने केला, चार बाह्यांचा. घातल्याबरोबर क्लीनरचं स्टूल झालं. चारही पाय ताठ, नजर भिंतीवर. काकांनी मागून हलकेच ढकललं तर स्टूल आडवं झालं. कसाबसा खाली नेला, तर लोकरीने गल्लीतलं पाणी पिऊन घेतलं आणि कोट पोछ्यासारखा लोंबायला लागला. क्लीनर पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागला. काकांनी तिथेच, जिन्याच्या तोंडाशी, तो ओढून काढला.

"ओली गोधडी इंजिनावर ठेवायची नसते," ते वर येऊन म्हणाले. "त्यापेक्षा उघडं बरं. आणि चाकं मोकळी पाहिजेत, हे काय, चाकांनाच पायजमे घातलेस तू."

"मग तुम्ही सांगा, साहेब."

साहेबांनी सांगितलं. फक्त पाठीवर. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत. बाहेरून पाणी न शिरणारं, आतून मऊ. पोटाखाली पट्टा, दोन बोटं जातील इतका सैल. विकतचा आणू या असं काकू म्हणाल्या, पण दुकानातल्या कोटाला खिसा होता. "खिशात काय ठेवणार हा, रुमाल?" असं म्हणत काकांनी दाराआडच्या खुंटीवरचा डेपोचा जाड रेनकोट काढला, टेबलावर पसरला आणि काकू नको नको म्हणेपर्यंत पाठीतून कापला.

दुसऱ्या दिवशी क्लीनर खाकी कोटात उंबऱ्यावर उभा राहिला. एक पाय टाकला. झटकला. दुसरा टाकला. मग तिसरा, आणि खर्र.

बेकरीपुढून जाण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता. काकांनी मान ताठ केली, चाल वाढवली. पण क्लीनरला पावाचा वास आला आणि त्याने थांबा घेतला.

"या, या," बेकरीवाला काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला. आवाज थेट काकांचा काढला होता, किल्ल्या खुळखुळल्यासारखा हातही हलवला. "आज कोट, उद्या बूट, परवा टाय. नोकरी कुठे बघितलीत याला?"

"डेपोत," काका म्हणाले. "माझी जागा रिकामी आहे." मग त्यांचं लक्ष पायरीवर गेलं. झिपऱ्या पावसात पसरला होता, उघडा, जीभ बाहेर, अगदी सुखात. "याचा लाल कोट कुठंय?"

"काढला. आत उकडायचं त्याला, खाजवून खाजवून अंग लाल केलं. म्हटलं, काका सांगत होते ते खरं." बेकरीवाला जरा ओशाळला. "तुमचं ऐकून काढला."

"आणि मी बायकोचं ऐकून घातला."

दोघे दोन कुत्र्यांकडे बघत राहिले. मग बेकरीवाल्याने काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. शर्ट अंगाला चिकटला होता, नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळत होता. "काका, तुमचा रेनकोट?"

काकांनी क्लीनरकडे बोट दाखवलं.

पुढच्या वळणावरून परत फिरायचं असं काकांनी ठरवलं होतं. क्लीनरने ठरवलं नव्हतं. इतक्या दिवसांचे खांब तुंबले होते; तो नाक खाली घालून ओढत राहिला आणि काका दात वाजवत मागे. घरी आल्यावर काकूंनी आधी क्लीनरचा कोट काढला, त्याला टॉवेलने पुसलं, मग काकांकडे वळल्या. "काढा तो शर्ट. ओली गोधडी इंजिनावर."

काकांना व्हायचं तेच झालं. सर्दी, ताप, कणकण. काकूंनी माळ्यावरून गोधडी काढून त्यांच्यावर टाकली. इतक्या वर्षांनीही तिला डिझेलचा वास होता. काका त्यात पडून राहिले, पण घोरण्याऐवजी किल्ल्या वाजवत होते. आणि क्लीनर दार ते पलंग, पलंग ते दार, अशा फेऱ्या मारत होता, अगदी त्यांच्यासारख्या.

"मी नेते त्याला," काकू शेवटी म्हणाल्या. "पट्टा दोन बोटं, माहितेय. पडून राहा."

दार लागलं. काकांनी किल्ल्या मुठीत दाबून गप्प केल्या आणि कान जिन्याकडे लावला.

टक, टक, टक, टक. टक, टक, टक, टक.

खर्र आलंच, पण अगदी खाली, शेवटच्या पायरीवर. काका तरीही उठून बसले, गोधडीसकट, अर्ध्या बुडावर, आणि ती दोघं गल्लीत दिसतात का ते बघायला खिडकीकडे निघाले.