शेतखान्याचा हौद

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत आमच्या अमरावतीच्या घरी पहिल्यांदा शेतखाना, म्हणजे संडास, बांधला गेला. तोवर आम्ही बायका उजाडायच्या आत तांब्या घेऊन परसाकडे जायचो, म्हणजे नाल्याकाठच्या काट्याकुट्यांत. सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांना बसलं की उठवेना, तेव्हा मामंजींनी मनावर घेतलं. परसात पक्क्या विटांची खोली उठली आणि तिच्या भिंतीला लागून चुन्याचा हौद. गल्लीतल्या बायका तो पाहायला आल्या. देवदर्शनालाही त्या एवढ्या नटून जात नसत.

मला मात्र हौद पाहूनच घाम फुटला. तो भरायचा कुणी, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. माझं माहेर मोर्शीकडचं, मी या घरातली एकुलती एक सून, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. विहिरीवरून बत्तीस घागरी आणून ओतल्या की हौद काठोकाठ भरे. सकाळी सगळ्यांचं आटोपलं की मी तो भरून ठेवायची. दिवे लागायच्या आत तो चार बोटं खाली गेलेला असे. दिवसभरात चार तांबे वापरले गेले असतील नसतील.

सासूबाई काठावरून वाकून बघत आणि म्हणत, "पुरा भरतच नसशीन तू. मले का आंधळी समजली?"

मी म्हणे, "आत्याबाई, काठापर्यंत भरला होता."

"मंग पानी गेलं कुठं? हौदाले पाय फुटले काय?"

खोटं बोलणाऱ्याला निदान पुढचं खोटं तरी सुचतं, मला तेही सुचत नव्हतं. मी तशी तोंडाळ आहे, माहेरी त्यापायी बोलणी खाल्ली आहेत. पण त्या हौदासमोर आले की घागर उचलून विहिरीकडे निघायची.

मामंजींनी गवंडी बोलावला. त्याने आतून चुन्याचा गिलावा पुन्हा केला, बाहेरून विटा ठोकून पाहिल्या, भिंतीला गाल लावला. भिंत ठणठणीत कोरडी. चार दिवसांनी पुन्हा बोलावला, तेव्हा तो चिडला. "हौद पक्का हाय बापूसाहेब. हौदाले नोका विचारू, भरनाऱ्याले विचारा."

तो हे बोलला आणि थैली उचलून गेला. अंगणात कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच फार लागलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. होळीला वडील मला माहेरी न्यायला येणार होते. त्यांच्यापुढे हे निघणार, हे मी शेजारणीकडून ऐकलं. कामचोर म्हटलेलं मी एक वेळ सोसलं असतं. पण पोर खोटं बोलते, हे माझ्या बापाने परक्याच्या ओसरीवर बसून ऐकायचं? माझी जेवणावरची वासनाच उडाली.

मग मी हट्टाला पेटले. हौद भरला की आत कोळशाने रेघ ओढायची आणि समोर बसून वाती वळायच्या. कुणी आलं नाही, गेलं नाही, तरी पाणी रेघेखाली. भोवतालची फरशी ओली असे, पण ती हातपाय धुण्याने कायमच ओली. तिच्यावरून काय कळणार?

होळीसाठी मोठ्या गुंडीत पळसाची फुलं भिजत घातली होती. रंग असा गडद उतरला होता की बोट बुडवलं तर नखही केशरी व्हावं. ते पाहून डोक्यात आलं, पाण्याला रंगच दिला तर ते जिथून जाईल तिथे खूण ठेवून जाईल. सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. मी अख्खी गुंडी हौदात रिकामी केली, वरचं फडकं पुन्हा नीट पसरलं आणि भिंतीची एकेक वीट पाहत बसले.

हे फडकं सासूबाईंचं. आमच्या गल्लीमागेच कापसाचा बाजार. मोसमात रुईचं तूस असं उडायचं की उघड्या पाण्यावर घटकाभरात साय धरे. म्हणून आमच्याकडे पाण्याचं एकही भांडं झाकल्याशिवाय ठेवत नसत. हौदावर त्यांनी स्वतः जाडंभरडं फडकं पांघरलं होतं, तिन्ही बाजूंनी काठावरून वीतभर बाहेर लोंबतं सोडलेलं. मधोमध ते झोळ पडून पाण्यात टेकायचं. ओलं असायचं, पण ओले हात सगळेच त्याला लावत.

विटा कोरड्याच राहिल्या. दुपारी मान वर केली तर फडक्याच्या काठावर केशरी रंग. मधल्या झोळातून तो वर चढला होता, हौदाचा काठ ओलांडून बाहेर उतरला होता आणि खालच्या शिवणीतून फरशीवर पाझरत होता. दिव्यातलं तेल वातीने चढावं, अगदी तसं. मी रोज वाती वळत होते आणि मला हे दिसलं नव्हतं! मी तिथेच बसून मोठ्याने हसले, आणि हसता हसता रडू आलं. छातीवरून धोंडा उतरला म्हणतात, तो मी त्या दिवशी उतरलेला अनुभवला.

हसणं ऐकून सासूबाई भिंत धरत धरत आल्या. मी फडक्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पिळलं. केशरी पाणी मनगटावरून ओघळलं. त्यांनी एका हिसक्यात सगळं फडकं ओढून काढलं.

"झाकन लाकडाचं करून घेऊ," एवढंच म्हणाल्या. मला राग आला. इतके दिवस मी मेल्यासारखी वावरले आणि बदल्यात लाकडाचं झाकण?

दोन दिवसांनी वडील आले. ओसरीवर पाणी पिऊन झाल्यावर भीत भीतच त्यांनी विचारलं, "पोरीचं काही चुकते काय?" मी दाराआड उभी होते.

सासूबाई म्हणाल्या, "तुमची पोरगी खरं बोलते. म्याच आयकून घेतलं नाही."